संगणकाचं घड्याळ मागे पडतंय – मदरबोर्डचा सेल बदलला तर सेटिंग्ज उडतात का?

नारायणपेठी | गुरुवार, सकाळी ८:५०

मंडळी, घरचा डेस्कटॉप २०११ सालचा. तपकीर गल्लीत दोन शनिवार घालवून एकेक पार्ट जमवला होता. नंतर रॅम वाढवली, एसएसडी टाकली, विंडोज १० घातलं. गडी अजून चालतोय. आता तो वडिलांच्या ताब्यात आहे (वय ७६). ते त्यावर पत्ते खेळतात, बँकेचे हिशेब उतरवतात आणि नातवंडांचे फोटो फोल्डरवार लावतात.

महिनाभर झालं, सकाळी घड्याळ मागे असतं. रात्री दहाला बंद केला आणि सकाळी सातला चालू केला की रात्रीचे साडेअकरा. परवा चार दिवस गावाला जाऊन आलो तर तारीखही जवळजवळ तिथेच थबकलेली. वडील म्हणतात, "तुझं यंत्र माझ्यापेक्षा जास्त झोपतं."

सेल संपत आलाय एवढं मला कळतं. कॅबिनेट उघडायची भीती नाही, भीती सेटिंग्जची आहे. गेल्या चौदा वर्षांत बायोसमध्ये (विंडोजच्या आधी जागा होणारा बोर्डाचा प्रोग्रॅम) मी काय काय ढवळलंय ते आता आठवत नाही. एका दुकानात विचारलं तर उत्तर मिळालं, "सेल काढला की सगळं उडणार. विंडोज परत टाकावं लागेल. आठशे होतील." हे खरं आहे का?

तिरकस | सकाळी ९:०२

आठशे सेलचे की घाबरवण्याचे?

सोल्डरबाबा | सकाळी ९:४०

दुकानदाराने पावशेर खरं सांगून किलोचे पैसे मागितलेत.

बायोस हा प्रोग्रॅम फ्लॅश चिपमध्ये असतो, त्याला सेल लागत नाही. सेल वर्षभर काढून ठेवलात तरी बायोस जागेवर राहतो. विंडोज तर डिस्कवर आहे, तिचा सेलशी काडीचाही संबंध नाही. सेलवर जगतात दोनच गोष्टी. एक घड्याळ. दुसरी म्हणजे तुम्ही बायोसमध्ये केलेल्या बदलांची छोटी वही, तिलाच आपण सीमॉस म्हणतो. सेल काढला की ती वही कोरी होते आणि बोर्ड कारखान्यातून निघतानाच्या सेटिंग्ज धरतो.

नव्या बोर्डांत मात्र बरेचदा सेटिंग्जही फ्लॅशमध्येच लिहिलेल्या असतात. तिथे सेल काढला तरी फक्त तारीख-वेळ जाते. काही बोर्ड सेल मेल्याचं ओळखून सगळं मूळपदावर आणतात, तो भाग वेगळा. तुमचा २०११ चा बोर्ड म्हणजे सीमेवरचं गाव. उडणार असंच धरून चाला.

उघडण्याआधी बायोसमध्ये शिरा (चालू करताच डिलीट किंवा एफ टू बटण) आणि प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा. प्रत्येक म्हणजे प्रत्येक, आतली उपपानंसुद्धा. वीस फोटो झाले तरी चालतील.

आणि एक सांगा, रात्री संगणक बंद केल्यावर भिंतीवरचं बटणही बंद करता का?

नारायणपेठी | सकाळी ९:५५

मी नाही, वडील करतात. संगणक, टीव्ही, गीझर, मिक्सर, सगळ्यांचीच बटणं. मग गॅसचा नॉब. मग परत एकदा गॅसचा नॉब.

सोल्डरबाबा | सकाळी १०:१०

मग सेलचा खून घरातच झालाय.

भिंतीवरचं बटण चालू असेल तर संगणक बंद असतानाही एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा) बोर्डाला ५ व्होल्टचा थोडा पुरवठा देत राहतो. त्याला स्टँडबाय म्हणतात. घड्याळ त्यावर चालतं आणि सेल जवळजवळ सुट्टीवर असतो. बटण बंद केलं की सगळा भार सेलवर येतो.

हिशेब मांडून बघा. सीआर २०३२ सेलची क्षमता साधारण २२५ मिलिअँपिअर-तास. बंद संगणकाचं घड्याळ त्यातून ५ मायक्रोअँपिअर ओढतं असं धरा. भागाकार येतो ४५,००० तास, म्हणजे पाच वर्षं आणि थोडे दिवस. आणि संगणक रोज काही तास चालूही असतो, त्यामुळे प्रत्यक्षात तीनपासून दहा वर्षांपर्यंत काहीही बघायला मिळतं. तुमचा पहिलाच सेल असेल तर त्याला नारळ द्या आणि नमस्कार करा.

तिरकस | सकाळी १०:१५

पण वडिलांना हे सांगू नका. स्टँडबायला वीज लागते हे त्यांना कळलं तर ते रोज सेलही काढून ठेवतील.

मी_नवीन | सकाळी १०:३२

माफ करा, बाळबोध प्रश्न आहे. सीआर २०३२ मधलं २०३२ म्हणजे एक्सपायरीचं साल का? मी इतके दिवस तेच समजत होतो. २०३२ पर्यंत चालेल म्हणून बदललाच नाही.

वारजेकर | सकाळी १०:३६

हहपुवा (हसून हसून पुरेवाट). ऑफिसात चहा सांडला.

जुना_खिळा | सकाळी १०:५८

हसू नका रे पोराला. २० म्हणजे व्यास २० मिलिमीटर, ३२ म्हणजे जाडी ३.२ मिलिमीटर. सी म्हणजे लिथियमच्या एका जातीची खूण, आर म्हणजे गोल. त्याच न्यायाने २०२५ हा २.५ मिलिमीटर जाडीचा. तो त्याच खोबणीत बसल्यासारखा वाटतो, पण सैल राहतो. संगणक हलवला की संपर्क तुटतो. आमच्या शेजाऱ्यांनी २०२५ बसवून खाली पुठ्ठ्याचा तुकडा सरकवला होता. पुठ्ठ्यातून वीज जात नाही हे त्यांना दोन दिवसांनी उमगलं.

विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. १९८१ च्या मूळ आयबीएम पीसीत सेलवर चालणारं घड्याळच नव्हतं. यंत्र चालू केलं की डॉस आधी तारीख विचारायचं, मग वेळ. आम्ही डेक्कनला एका संस्थेत संगणक शिकायला जायचो तेव्हाही तसली जुनी यंत्रं होती. नुसतं एंटर दाबत पुढे गेलं की फायलींवर १ जानेवारी १९८० पडायचं, कारण डॉसचा काळच तिथून सुरू होतो. माझा अख्खा प्रोजेक्ट माझ्या मुंजीच्या आधीचा आहे.

सेलवाली वही आली १९८४ च्या एटी मॉडेलमध्ये, मोटोरोलाच्या एका चिपवर. घड्याळ आणि वही मिळून ६४ बाइट. आज या धाग्यावरचं एक वाक्य त्यात मावणार नाही.

पुढे २८६-३८६ च्या बोर्डांवर नाण्यासारख्या सेलऐवजी निळ्या पिंपासारखी चार्ज होणारी बॅटरी झाळून बसवलेली असायची. ती म्हातारपणी गळायची आणि गळताना आजूबाजूचं तांबं खाऊन टाकायची. माळ्यावर कुणाचा तसला जुना संगणक असेल तर आजच काढून बघा. आमचा एक त्यातच गेला.

आळूवडी | सकाळी ११:२०

माझा अनुभव तारखेचा. मी सीए, ऑफिस कोथरूडला. एका वर्षी रिटर्न भरायच्या शेवटच्या दिवशी माझ्या आर्टिकलच्या (शिकाऊ सीएच्या) संगणकावरून डिजिटल सही होईना. "प्रमाणपत्र अजून वैध नाही" असा संदेश. अजून? अहो, गेली दीड वर्षं तेच वापरतोय आम्ही! मग पोर्टलला शिव्या, डोंगल काढ-घाल, ड्रायव्हर पुन्हा टाक, दुसरा ब्राउझर बघ. दुपारी तीनपर्यंत हेच.

शेवटी चहावाल्याचा मुलगा कप उचलताना स्क्रीनकडे बघून म्हणाला, "मॅडम, २००९ का दाखवतंय?"

सेल मेला होता, तारीख २००९ वर गेली होती. २००९ मध्ये आमचं प्रमाणपत्र जन्मालाच आलं नव्हतं, तर ते वैध कसं असणार? तारीख दुरुस्त केली, दोन मिनिटांत सही. बऱ्याच वेबसाइट "कनेक्शन सुरक्षित नाही" म्हणतात तेही याच कारणाने. त्यांची प्रमाणपत्रंही तारीख बघूनच खरी मानली जातात.

तेव्हापासून आमच्याकडे ३१ मार्चच्या आधी प्रत्येक संगणकाचा सेल मीटरने तपासतात. २.८ व्होल्टच्या खाली दिसला की कचऱ्यात. ई-कचऱ्यात, ओल्यात नव्हे.

नारायणपेठी | सकाळी ११:३१

चहावाल्याच्या मुलाला काय दिलंत?

आळूवडी | सकाळी ११:३३

आर्टिकलशिपची ऑफर. म्हणाला, नको, धंद्यात जास्त आहे.

कट्टेकरी | दुपारी १२:०५

एवढं महाभारत कशाला? विंडोज नीट शटडाउन करा, पण भिंतीवरचं बटण चालू ठेवा. सोल्डरबाबांनी सांगितलेला तो ५ व्होल्ट बोर्डाला मिळतच असतो. जुना सेल काढा, नवा घाला. घड्याळ थांबत नाही, वही पुसली जात नाही. मी आजवर दहा-बारा संगणकांना असंच केलंय. फोटोबिटो काही नाही.

सोल्डरबाबा | दुपारी १२:४०

कट्टेकरी, तुमचं तत्त्व बरोबर, सल्ला चूक.

सेल ज्या क्लिपमध्ये असतो ती दाबली की सेल उडतो. उडाला की तो खाली पडतो, आणि खाली असतो बोर्ड. सेल म्हणजे सगळ्या बाजूंनी धातू. दोन जागांना एकदम चिकटला की झालं. स्टँडबायची वीज थोडी वाटली तरी चिप जाळायला पुरते. सव्वीस वर्षांत मी असे दोन बोर्ड मेलेले बघितलेत. एक सेलने मेला, दुसरा क्लिप उचकटायला घेतलेल्या स्क्रूड्रायव्हरने. दुसऱ्यात स्क्रूड्रायव्हर माझाच होता, तेव्हा इथे उपदेश करतोय असं समजू नका.

मागची वायर काढा. पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, उरलीसुरली वीज उतरते. बोर्डावर दिवा असेल तर तो विझला का बघा. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा, मगच आत हात घाला. लाकडी टूथपिकने क्लिप मागे ढकला, सेल आपोआप वर येतो. नवा घालताना अक्षरांची, अधिकची बाजू वर. काही बोर्डांवर सेल उभा असतो, तिथे जुना कसा होता ते आधी बघून ठेवा.

कट्टेकरी | दुपारी १२:५२

दहा-बारांपैकी माझा एकही मेला नाही.

सोल्डरबाबा | दुपारी १२:५५

हेल्मेट न घालता मीही लक्ष्मी रोडवरून शेकडो वेळा गेलोय.

तिरकस | दुपारी १२:५७

हेल्मेटचं नाव काढू नका, धागा तीनशे प्रतिसादांना जाईल.

वारजेकर | दुपारी १:२५

माझ्याकडे विंडोज आणि लिनक्स एकाच यंत्रावर आहेत. घड्याळ बरोबर साडेपाच तास चुकत असेल तर सेल बदलू नका, पैसे वाया जातील. बोर्डावरच्या घड्याळात लिनक्स जागतिक वेळ लिहितं आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजून वाचतं. म्हणून लिनक्समधून विंडोजमध्ये आलं की घड्याळ साडेपाच तास मागे, आणि उलट गेलं की पुढे. मी याच्यापायी दोन सेल बदलले. तिसरा आणायला निघालो होतो, तेव्हा बायकोने विचारलं, "चूक रोज एवढी नेमकी कशी रे?" लिनक्सला स्थानिक वेळ धरायला सांगितलं, संपलं.

नारायणपेठींचं घड्याळ मात्र कधी आठ तास, कधी चार दिवस. तो सेलच.

आता सेटिंग्जबद्दल. सेल बदलल्यावर माझ्या बोर्डाने काय काय विसरलं ते सांगतो: बूटचा क्रम (आधी पेन ड्राइव्ह, मग डिस्क असं उलटं झालं), रॅमचा वेग (प्रोफाइल गेलं, कमी वेगावर धावायला लागली), पंख्याचा वेग (अचानक हेलिकॉप्टर), व्हर्च्युअलायझेशन बंद, आणि साटा मोड (बोर्ड डिस्कशी कोणत्या पद्धतीने बोलतो ते). यातल्या शेवटच्याकडे जरा लक्ष ठेवा, बाकीचे किरकोळ आहेत.

शेवंती | दुपारी २:१०

आमच्या सोसायटीत कॅमेऱ्यांची चित्रं साठवणारा संगणक आहे. वीज गेली आणि परत आली की तो आपणहून चालू व्हायचा. कुणीतरी सेल बदलला आणि तेव्हापासून दर वीज गेल्यावर तो मेल्यासारखा पडून राहायला लागला. कुणाच्या लक्षातच आलं नाही. वीज परतल्यावर काय करायचं ही सेटिंगही त्या वहीतच असते आणि कारखान्याचं उत्तर बहुतेकदा "बंद राहा" असं असतं, हे मला फार उशिरा कळलं. मग एक स्कूटर चोरीला गेली. चौकीवरून आले, चित्रं मागितली. आमच्याकडे नेमक्या त्या आठवड्याची चित्रंच नाहीत.

त्याआधीच्या वर्षी उलटं झालं होतं. चित्रं होती, पण तारीख १ जानेवारी २०००. वार्षिक सभेत एका सभासदाने प्रश्न विचारला, "तेव्हा आपली इमारत तरी उभी होती का?" तो प्रश्न इतिवृत्तात आहे.

तिरकस | दुपारी २:१४

पुण्यात इतिवृत्तात नाही गेला तर तो प्रश्नच नाही.

आयटी_हमाल | दुपारी ३:३५

हिंजवडीतून लिहितोय, मीटिंगमध्ये आहे असं समजा.

जुन्या डेस्कटॉपबद्दल सगळं बरोबर चाललंय. पण हे वाचून कुणी नव्या यंत्राला हात लावणार असेल तर आधी थांबा. विंडोज ११ वाल्या बऱ्याच यंत्रांवर डिस्क आपोआप कुलूपबंद असते. बिटलॉकरसारखंच, घरगुती आवृत्तीतही. ते कुलूप टीपीएम (किल्ल्या जपणारी सुरक्षा चिप) आणि सुरू होतानाच्या सेटिंग्ज यांच्याशी बांधलेलं असतं. सेल काढल्यावर बायोसमधलं टीपीएम बंद झालं किंवा सिक्युअर बूट बदललं, की विंडोज पुढच्या वेळी ४८ आकडी रिकव्हरी की मागते. आकडे ४८! आणि ती नसेल तर डेटा गेला असं समजायचं.

माझ्या मावसभावाकडे तशी निळी स्क्रीन आली तेव्हा तो शपथेवर सांगत होता की त्याने कुलूप कधी लावलंच नाही. त्याने नव्हतं लावलं, विंडोजने लावलं होतं. की त्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडली, म्हणून दिवाळी गोड झाली. सेल काढण्याआधी खात्यात जाऊन की आहे का बघा, कागदावर उतरवा. फोनमध्ये फोटो ठेवलात तरी चालेल, पण त्याच संगणकावर सेव्ह करू नका. हसताय कशाला, लोक करतात.

लॅपटॉपवाल्यांनी अजून एक लक्षात घ्या. तिथे कित्येकदा सेल काळ्या आवरणात गुंडाळलेला असतो, त्याला दोन वायरी आणि छोटा कनेक्टर. सुटा सेल आणून सोल्डर करत बसू नका, तसाच तयार मागा. काही लॅपटॉपमध्ये वेगळा सेलच नसतो, मुख्य बॅटरीच घड्याळ चालवते.

मी_नवीन | दुपारी ३:५०

चुलतभावाने बायोसला पासवर्ड घातलाय आणि तो विसरलाय. सेल काढला तर पासवर्ड जाईल ना?

सोल्डरबाबा | दुपारी ४:१५

जुन्या डेस्कटॉपवर जातो. सेल काढून पाच-दहा मिनिटं थांबायचं, किंवा बोर्डावरचा पुसायचा जंपर वापरायचा. लॅपटॉपवर बहुतेकदा जात नाही, तिथे पासवर्ड वेगळ्या चिपमध्ये असतो. चुलतभाऊ खरोखर विसरलाय ना, की तुमच्यापासूनच घातलाय?

मी_नवीन | दुपारी ४:१७

😐

डॉ_अस्वल | संध्याकाळी ६:०५

अवांतर, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. मी बालरोगतज्ज्ञ.

जुना सेल टेबलावर ठेवून चहाला जाऊ नका. संगणकासाठी मेलेल्या सेलमध्ये मुलाला इजा करण्याइतकी वीज शिल्लक असते. लहान मुलाने गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला तर ओल्या पेशींमधून प्रवाह सुरू होतो, तिथे दाहक अल्कली तयार होते आणि दोन तासांत खोल जखम होऊ शकते. २० मिलिमीटरचा आकार नेमका अडकण्याजोगा आहे. मुलाने गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवू नका, वाट बघू नका, तडक मोठ्या रुग्णालयात एक्स-रे काढा. "बटण गिळलं असेल" म्हणून घरी थांबलेले पालक मी पाहिलेत.

काढलेल्या सेलला दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावा आणि ई-कचऱ्यात द्या. वजनकाट्याचा, गाडीच्या किल्लीचा, खेळण्यातल्या दिव्याचा, सगळ्या सेलना हेच लागू.

नारायणपेठी | संध्याकाळी ६:२०

धन्यवाद डॉक्टर. भाची शनिवारी येणार आहे, तिच्या आधी काम उरकतो.

शेवंती | संध्याकाळी ६:२८

सेल कुठून घेणार? मी एकदा स्वस्त म्हणून पाचची पट्टी घेतली होती, एकेक तीन महिन्यांत गेला.

कट्टेकरी | संध्याकाळी ७:०२

तपकीर गल्लीत ज्या दुकानात मीटर लावून दाखवतात तिथे घ्या. नवा सेल ३ च्या वर दाखवायला हवा, ३.२ च्या आसपास. मला चांगल्या कंपनीचा चाळीसला मिळाला. गाडी घेऊन जाऊ नका, लावायला जागा मिळेपर्यंत सेल संपेल. आणि चार्ज होणारा २०३२ कुणी गळ्यात मारला तर घेऊ नका, त्याचा व्होल्टेज जास्त असतो आणि बोर्ड त्याला चार्ज करत नाही.

जुना_खिळा | संध्याकाळी ७:१५

पासोड्या विठोबाच्या बाजूने चालत जा. दर्शनही होतं.

नारायणपेठी | शुक्रवार, रात्री ९:४५

मंडळी, धावा.

सेल आणला, मीटरवर ३.२. संध्याकाळी बायोसच्या सगळ्या पानांचे फोटो काढले. मी बटणं दाबत होतो, वडील फोटो काढत होते. वायर काढली, पॉवर बटण दाबून धरलं, टूथपिक वापरली. जुना सेल २.५ निघाला. नवा बसला. चालू केल्यावर "सीमॉस चेकसम एरर, पुढे जायला एफ वन दाबा" असं आलं. अपेक्षितच होतं. तारीख-वेळ घातली, फोटो बघून बूटचा क्रम लावला, सेव्ह करून बाहेर आलो.

विंडोजचं चिन्ह आलं, गोल फिरलं, आणि निळी स्क्रीन. "इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस." परत चालू केला, तेच. वडील शांतपणे म्हणाले, "आठशेत झालं असतं."

सोल्डरबाबा | रात्री ९:५२

डिस्क बायोसमध्ये दिसते का? दिसत असेल तर घाबरू नका. आणि हात आवरा, दुरुस्तीच्या नावाखाली काही रीसेट करू नका.

वारजेकर | रात्री ९:५४

साटा मोड बघा!! काल दुपारी लिहिलं होतं.

नारायणपेठी | रात्री १०:०१

डिस्क दिसते. साटा मोड "आयडीई" आहे. आधी काय होता ते फोटोत बघतो.

नारायणपेठी | रात्री १०:०६

सापडला. चौथा फोटो. नेमक्या त्या ओळीवर वडिलांचा अंगठा.

तिरकस | रात्री १०:०७

हा फोटो फ्रेम करा.

सोल्डरबाबा | रात्री १०:१२

एएचसीआय करून बघा. आयडीई ही जुनी पद्धत, एएचसीआय नवी. एसएसडी टाकताना तुम्ही नक्की तेच केलं असणार. २०११ च्या बऱ्याच बोर्डांचं कारखान्याचं उत्तर आयडीई असतं. विंडोज ज्या मोडमध्ये टाकली त्याच मोडचा ड्रायव्हर ती सुरुवातीला हाताशी ठेवते. मोड बदलला की डिस्क समोर असून तिला दिसत नाही. घराची किल्ली तीच, कुलूप बदललं. डेटाला काही झालेलं नाही.

नारायणपेठी | रात्री १०:१९

झालं!!! एएचसीआय केलं, सेव्ह केलं, विंडोज सरळ वर आलं. नातवंडांचे सगळे फोल्डर जागेवर. सोल्डरबाबा, वारजेकर, दंडवत घ्या.

वारजेकर | रात्री १०:२२

दंडवत नको, पुढच्या वेळी शेवटचं वाक्यही वाचा.

सोल्डरबाबा | रात्री १०:३०

आता त्याच पानांवरून रॅमचा वेग आणि पंखाही लावून घ्या. मग संगणक बंद करा, वायर काढा, रात्रभर तसाच ठेवा. सकाळी घड्याळ बरोबर दिसलं तर काम फत्ते. दोन-चार सेकंदांचा फरक बघून मला फोन करू नका. या घड्याळांत मनगटी घड्याळासारखाच सेकंदाला ३२,७६८ कंपनांचा स्फटिक असतो. पंधरा वेळा अर्धं केलं की बरोबर एक येतो, म्हणून तो आकडा. तो चांगला असला तरी महिन्याला पाऊण-एक मिनिट इकडेतिकडे होणं चालतं. इंटरनेटवरून विंडोज ते दुरुस्त करते.

नारायणपेठी | शनिवार, सकाळी ७:१०

रात्रभर वायर काढून ठेवला होता. आता ७:०४ दाखवतोय, मोबाइलवरही ७:०४. जुना सेल चिकटपट्टीत गुंडाळून कपाटावर, भाची यायच्या आधी.

एकच नवीन अडचण. वडिलांना हे घड्याळ पाच मिनिटं पुढे हवंय. हॉलमधलं, स्वयंपाकघरातलं आणि त्यांच्या मनगटावरचं, तिन्ही पाच मिनिटं पुढेच असतात, मग हे एकटं वेगळं का? मी पुढे केलं, विंडोजने इंटरनेटवरून परत मागे आणलं. त्यांनी पुढे केलं, तिने परत मागे आणलं. ते म्हणतायत सेल खराब निघाला, परत करून ये.

आळूवडी | सकाळी ७:२५

तारीख-वेळेच्या सेटिंग्जमध्ये "वेळ आपोआप ठरवा" बंद करा. पाच मिनिटांनी डिजिटल सहीला काही होत नाही.

नारायणपेठी | सकाळी ७:३८

केलं. ७:४३ झाले. वडील पत्ते खेळायला बसलेत.

मी_नवीन | सकाळी ८:०५

मीही काल सेल आणला. अक्षरांची बाजू वर म्हणालात ना? दोन्ही बाजूंना काहीतरी लिहिल्यासारखं दिसतंय.

सोल्डरबाबा | सकाळी ८:१२

चष्मा लावा. जिथे अधिकचं चिन्ह आहे ती वर. आणि बसवण्याआधी फोटो काढा. स्वतः काढा.